रंगवलेल्या खिडक्या आणि ‘मोठी नगरपालिका’

एडिनबरामधल्या स्कॉटिश संसदेबद्दल, म्हणजे होलीरूडबद्दल, एक मत वर्षानुवर्षं फिरतंय. तिकडे राहणारी आपली मंडळीही ते बिनदिक्कत पुढे ढकलतात: पैसा लंडनचा, सरकार म्हणेल ते मंजूर, वरचं सभागृह नाही, समित्या म्हणजे चहा-बिस्किटं. थोडक्यात काय, मोठी नगरपालिका! हिणवणं नवं नाही. १९९७ च्या प्रचारात होऊ घातलेल्या या संसदेच्या कराच्या अधिकाराबद्दल बोलताना गावपंचायतीची उपमा खुद्द टोनी ब्लेअर यांनीच दिली होती.

‘पैसा लंडनचा’ हे पूर्वी बरंचसं खरं होतं. आता अर्धंच खरं आहे. बार्नेट सूत्र म्हणजे स्कॉटलंडचा वाटा ठरवायची रीत; त्यानुसार लंडनहून ठोक अनुदान येतं, पण एप्रिल २०१७ पासून पगारावरच्या प्राप्तिकराचे दर आणि टप्पे होलीरूड ठरवतं. सध्या सहा टप्पे आहेत आणि वरचा दर ४८ टक्के. इंग्लंडमध्ये तो ४५. सारख्याच पगारावर ग्लासगोचा माणूस आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा माणूस वेगवेगळा कर भरतो. आणि समजा सगळा पैसा लंडनचाच असता, तरी तो कुठे गेला हे विचारायचं नाही का? केंद्राकडून वाटा येतो म्हणून सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी आपल्या विधिमंडळाची लोकलेखा समिती कुणी मोडीत काढत नाही.

‘सरकार म्हणेल ते मंजूर’ म्हणणाऱ्यांनी २८ जानेवारी २००९ चा दिवस आठवावा. ॲलेक्स साल्मंड यांचं एसएनपीचं, म्हणजे स्कॉटिश नॅशनल पार्टीचं, सरकार अल्पमतातलं. ३,३०० कोटी पौंडांचा अर्थसंकल्प मताला आला. ग्रीन पक्षाचे आमदार अवघे दोन. घरांच्या उष्णतारोधनासाठी त्यांना १० कोटी पौंड हवे होते. सरकार शेवटच्या क्षणी ३ कोटी ३० लाखांपर्यंत आलं, पण ते दोघे काही बधले नाहीत. मतं पडली ६४ विरुद्ध ६४. पीठासीन अधिकाऱ्यांनी, म्हणजे सभापतींनी, आपलं निर्णायक मत रिवाजाप्रमाणे ‘आहे ते राहू दे’ या बाजूला, म्हणजे विधेयकाविरुद्ध टाकलं, आणि अर्थसंकल्प पडला. साल्मंड यांनी राजीनाम्याची, निवडणुकीची भाषा केली. आठवड्याभरात सरकारने लेबरला शिकाऊ उमेदवारांच्या जादा जागा दिल्या, लिबरल डेमोक्रॅट्सना मनवलं, आणि तोच अर्थसंकल्प १२३ विरुद्ध २ मतांनी पार पडला. ते दोन कुणाचे, हे सांगायला नको. नगरपालिकेतही असा प्रसंग रोज घडत नाही.

आता समित्या. वरचं सभागृह नाही हे खरं. म्हणून तर कायदे आणि सरकारचा कारभार पुन्हा तपासायचं काम समित्यांवर टाकलंय. त्यातली सार्वजनिक लेखापरीक्षण समिती आपल्या लोकलेखा समितीची चुलत बहीण म्हणावी अशी. २०२१ च्या निवडणुकीनंतर तिचं निमंत्रकपद, म्हणजे अध्यक्षपद, विरोधी लेबरच्या रिचर्ड लेनर्ड यांच्याकडे गेलं. तिच्या हाताशी सरकारी हिशेब तपासणारे ऑडिटर जनरल असतात, आणि ते सरकारचे नोकर नसतात.

ही जोडी काय करू शकते ते ‘ग्लेन सॅनॉक्स’ या बोटीच्या भानगडीत दिसतं. क्लाइड नदीकाठच्या पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन या जहाजबांधणीच्या गोदीला २०१५ मध्ये दोन फेरीबोटींचं ९ कोटी ७० लाख पौंडांचं कंत्राट मिळालं. बोटी २०१८ मध्ये यायच्या होत्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्री, निकोला स्टर्जन यांच्या हस्ते पहिलीचं जलावतरण झालं. झेंडे, गर्दी, फोटो सगळं होतं; फक्त सुकाणूघराला खिडक्या नव्हत्या. त्या रंगवलेल्या होत्या! पुढे गोदी बुडीत निघाली, सरकारने ती ताब्यात घेतली आणि खर्च मूळ रकमेच्या चौपटीपुढे गेला.

मार्च २०२२ मध्ये ऑडिटर जनरलांचा अहवाल आला. बोटी विकत घेणाऱ्या सरकारी कंपनीनेच आधी बजावलं होतं, की गोदी पैसे परत मिळण्याची पूर्ण हमी देत नाही, जोखीम मोठी आहे. तरी मंत्र्यांनी होकार दिला. का दिला, हे सांगणारा पुरेसा कागदच तपासनिसांना मिळाला नव्हता. प्रश्न इतका तापला, की मे महिन्यात एक ईमेल ‘सापडला’: तेव्हाचे मंत्री डेरेक मॅके यांची मंजुरी त्यात होती. मॅके समितीपुढे येऊन बसले, नोव्हेंबरमध्ये खुद्द फर्स्ट मिनिस्टर स्टर्जन आल्या. मुख्यमंत्र्याला लेखा समितीपुढे तासन्‌तास उत्तरं देताना आपण शेवटचं कधी पाहिलं?

‘मोठी नगरपालिका’ या दाव्यात एक खरी गोष्ट मात्र आहे, आणि होलीरूडचे भक्त ती टाळतात. २०११ ते २०१६ या काळातल्या संसदेत एसएनपी १२९ पैकी ६९ जागा जिंकून आली होती. समित्यांतही तेच बहुमतात. तेव्हाची छाननी मऊ होती अशी टीका झाली, आणि बोटींचं कंत्राट नेमकं त्याच काळातलं. समितीचे निमंत्रक पक्षांनी न ठरवता सभागृहाने निवडावेत, असं संसदेच्या सुधारणा आयोगाने २०१७ मध्ये सुचवलं होतं. माझ्या मते खरी दुखरी नस हीच. अधिकार कमी नाहीत. आपल्याच पक्षाच्या मंत्र्याला घाम फोडायला सदस्य कचरतात. शिवाय समिती खणते ते पैसा गेल्यावर. २०२३ च्या मार्चमध्ये समितीचा अहवाल आला, तेव्हा बोटी गोदीतच होत्या.

‘ग्लेन सॅनॉक्स’ अखेर जानेवारी २०२५ मध्ये अ‍ॅरन बेटाच्या फेरीवर रुजू झाली. ती सुटते ट्रूनहून. अ‍ॅरनची बोट वर्षानुवर्षं जिथून सुटायची, त्या आर्ड्रॉसनच्या धक्क्याला ती लागू शकत नाही.