खुलासा : ट्रेलर ओढताना वेग वाढवला की इंधन वाचतं?

‘जड ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) जोडला की गाडी ताशी ११० किमीच्या पुढे टॉप गिअरमध्ये ठेवा, एकदा वेग पकडला की इंधन कमी लागतं, आणि ट्रेलर डोलायला लागलाच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबा, आपोआप सरळ होतो,’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. दुसरी तर जिवावर बेतणारी.

आधी इंधनाचं. ट्रेलरचं वजन मुख्यतः चढावर आणि वेग घेताना जाणवतं; सपाट रस्त्यावर, वेग वाढेल तसा खरा खर्च हवेशी झुंजण्यात जातो. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ९० वरून ११० वर गेलात की तो जवळपास दीडपट. ट्रेलरचं तोंड तर भिंतीसारखं सपाट! टॉप गिअरचा फायदा रिकाम्या गाडीला मिळतो, हे खरं. ओझं असताना मात्र गिअरबॉक्स सारखा गिअर वर-खाली बदलत राहतो आणि तापतो.

आता डोलण्याबद्दल. वेग वाढेल तसं डोलणं आवरणं कठीण होत जातं. त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, गाडीचा ब्रेक करकचून दाबू नका. ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावता येत असतील तर तेवढेच हलके लावा. मूळ कारण बहुधा सामानाच्या मांडणीत सापडतं: ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार हुकवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या जागी, यायला हवा. सगळं जड सामान मागे कोंबलं की शेपूट हलणारच.

टायरवर छापलेली वेगमर्यादाही एकदा वाचा. ट्रेलरच्या टायरची ती गाडीच्या टायरपेक्षा बरेचदा कमी असते.