चार गोळ्या कापून द्या

आज संध्याकाळी मेडिकलमध्ये एक आजोबा आले. "गुडघ्याची ती नेहमीची द्या, चार." दुकानदाराने ना चिठ्ठी मागितली, ना काही विचारलं. कात्रीने डायक्लोफिनॅक या दुखण्याच्या गोळीची स्ट्रिप कापली, झालं. मला राहवलं नाही. "आजोबा, पोटाचा काही त्रास?" "आहे की. त्याचीपण गोळी घेतो." घरी आल्यापासून डोकं शांत होत नाहीये.

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं उभ्याने तिकिटं फाडली, गुडघे गेले. हीच गोळी, रोज, नुसत्या चहावर. एक दिवस शी डांबरासारखी काळी. दुर्बीण घातली तर जठरात अल्सर.

या गोळीने अल्सर होतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण झालेला अल्सर ती लवकर भरूही देत नाही, हे कोण सांगतं? जखम भरायला तिथे नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटाव्या लागतात. पाटच काढला नाही तर पाणी पोचणार कुठून? त्या फुटाव्यात म्हणून शरीर जे निरोप धाडतं, त्यात प्रोस्टाग्लँडिन असतात. ठणका आणि सूज आणणारेही तेच. या जातीच्या गोळ्या तेच बनू देत नाहीत, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिनसारख्या औषधांवर दाखवलं, त्यासाठी १९८२ चं नोबेलही मिळालं. आणि आपल्या गल्लीत अजून कात्री चालतेय!

हो, एखाद्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दोन-चार दिवस दिली तर जरूर घ्यावी. कण्हत पडा असं कुणी म्हणत नाही.

पण अण्णांचं ऐका. आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण, खड्डा जवळपास तसाच. डॉक्टरांनी विचारलं, "गुडघ्याची गोळी बंद आहे ना?" अण्णा खाली बघत राहिले. शर्टाच्या खिशात दोन गोळ्या निघाल्या, जुन्या तिकिटात गुंडाळलेल्या. मी तिथेच, सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडले.

रिक्षात ते एवढंच म्हणाले, "नाही घेतली तर जिना चढवत नाही गं." आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. त्यांना वर कसं चढवत असेल, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. गोळी सुटली, जखम भरली, पण त्या दिवशीचं माझं ओरडणं अजून आठवतं.

म्हणून आज आजोबांना काही बोलले नाही. त्यांनी पुडी शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून दोनदा हात फिरवला. अण्णा अगदी तस्साच फिरवायचे.

दुकानदाराशी मात्र उद्या बोलणार आहे.