अठरा गुण

गेल्या शनिवारी मी एमजीबी घेतली, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १९६७ ची, उघड्या टपाची, गडद हिरवी. इंग्लंडात, रेडिंगमध्ये राहणाऱ्या पन्नाशीच्या मराठी माणसाला हे का सुचावं, यावर घरात बोलून झालंय. पुन्हा नको.

गाडी ऑक्सफर्डशायरातल्या एका खेड्यात होती. या गाड्या जिथे बनायच्या ते ॲबिंगडन जवळच, म्हणजे मुलगी माहेरच्या पंचक्रोशीतच राहिलेली. मालक भला, पण मुखदुर्बळ. बोलत होता तो शेजारी. ऐंशीच्या घरातला, पायात स्लिपर, हातात चहाचा मग. मी बॉनेट उघडलं तेव्हा कुंपणापलीकडे होता. मान वर केली तर माझ्या खांद्याशी.

"हे इंजिन तिचं नाही," तो म्हणाला. आवाज मयताला आल्यासारखा.

मग त्याने मला इंजिनावरची नंबराची पट्टी वाचायला लावली. मोठ्याने.

"अठरा व्ही."

"सदुसष्टच्या गाडीला अठरा जीबी हवं. व्ही आलं एकाहत्तरात. पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. का वाचलं, कोण जाणे. शाळेत गेल्यासारखं झालं.

नंबर जुळत नाहीत तर गाडीला अर्थ काय, असं त्याचं म्हणणं. आता आमच्या लग्नात छत्तीसपैकी अठराच गुण जुळले होते, गुरुजींनी काठावर पास केलं आणि संसार सव्वीस वर्षं चाललाय. थोडं तेल गळतं, इतकंच. आत्याचे दोन्ही गुडघे बदललेत, तरी तिला कुणी 'ही आत्या ओरिजिनल नाही' म्हणत नाही. इंजिन तेच १७९८ सीसी, पाच बेअरिंगचं. पण ऐकतो कोण!

वर तीनदा विचारलं, "तुमच्याकडे असल्या गाड्या नसतील ना?" पंचवीस वर्षं या देशात कर भरतोय. रेडिंगचे खड्डे माझ्या पैशांनी बुजत नाहीत. तरी 'तुमच्याकडे' काही संपत नाही. यावर मी हसलो, त्याचा राग अजून आहे.

गंज तपासायला घरून फ्रिजवरचं दगडूशेठचं मॅग्नेट नेलं होतं. दाराखालच्या पत्र्याला लावलं, बाप्पा टपकन खाली. आत लोखंड कुठलं, नुसती पुट्टी भरलेली.

"हत्ती हुशार आहे," शेजारी म्हणाला.

एवढं होऊनही घेतली. दोनशे पौंड कमी केले म्हणून, आणि खरं तर त्या म्हाताऱ्याची जिरवायची म्हणून.

पैसे दिल्यावर कागद पाहिले. नोंदणीपत्रावर जुन्याच इंजिनाचा नंबर. तो बदलायचा तर डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या आरटीओला, पुरावा लागतो, नव्या इंजिनाची पावती वगैरे. मी मालकाकडे पाहिलं. मालकाने शेजाऱ्याकडे पाहिलं.

"इंजिन बसवलं कुणी?" मी विचारलं.

"मी," शेजारी म्हणाला. "त्र्याऐंशीत."

"मग मघापासून तुम्ही..."

"तेव्हाच सांगितलं होतं याला, हे बसवायचं नाही. ऐकलं नाही. मग बसवलं."

"पावती आहे?"

"आहे की. जपून ठेवलीय."

"मला मिळेल?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याची किडनी मागितली.

"छे! ती ओरिजिनल आहे."