नॅनोविज्ञानाच्या प्रयोगशाळेत कोण पोहोचते?

बारावीचे निकाल लागले की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा, की नॅनोविज्ञानात, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागात मोजल्या जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या अभ्यासात, संशोधन करायचे तर पहिली पदवी आयआयटीची किंवा परदेशातलीच हवी, विषय भौतिकशास्त्रच हवा, गुण सुरुवातीपासून अव्वल हवेत आणि मध्ये नोकरी धरली की परतीचा रस्ता बंद. यांतले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

पिण्याच्या पाण्यातील कीटकनाशके नॅनोकणांच्या साहाय्याने काढण्याच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे आयआयटी मद्रासचे प्राध्यापक टी. प्रदीप यांचे बीएस्सी आणि एमएस्सीचे शिक्षण केरळमधील साध्या संलग्न महाविद्यालयांत झाले. पीएचडी मात्र त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केली, आणि पीएचडी कोठे व कोणाच्या हाताखाली होते याला महत्त्व आहे, हे मान्यच करायला हवे. परंतु संदेशाचा दावा पहिल्या पदवीविषयी आहे. शिवाय आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात नॅनोविज्ञानाचा स्वतंत्र अधिविभागच आहे.

विषयाबाबतचा दावा सर्वांत कच्चा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात बुरशीच्या साहाय्याने चांदीचे नॅनोकण तयार केल्याचे दाखवले होते, आणि त्यामागे पदार्थ-रसायनाचे व जैवरसायनाचे संशोधक एकत्र आले होते. एकट्या भौतिकशास्त्रज्ञाला बुरशी वाढवणे जमले असते का, याची शंकाच आहे. कार्बन नॅनोनलिकांवरील, म्हणजे कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांवरील, 1991च्या निबंधामुळे नावाजलेले सुमिओ इजिमा यांची पहिली पदवी अभियांत्रिकीची होती. नॅनोकण घडवायला रसायन लागते, तो पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाताळणारा लागतो, त्यातून वीज कशी वाहते हे मोजायला भौतिकशास्त्र लागते आणि तो पेशीला अपाय करतो का, हे जीवशास्त्रज्ञच सांगू शकतो. म्हणून एकाच प्रयोगशाळेत चार विषयांचे विद्यार्थी शेजारी बसलेले दिसतात.

गुणांविषयी थोडक्यात. क्वांटम डॉट्सच्या, म्हणजे अर्धवाहकांच्या नॅनो आकाराच्या स्फटिकांच्या, कामासाठी 2023 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेल्यांपैकी मौंगी बावेंडी यांनी हार्वर्डमधील रसायनशास्त्राच्या आपल्या पहिल्याच परीक्षेत 100 पैकी 20 गुण मिळाल्याचे स्वतः सांगितले आहे. हार्वर्डमध्ये प्रवेश मिळालेल्या मुलाचे उदाहरण सर्वांना लागू पडत नाही, हे खरे. पण एका परीक्षेवरून वाट बंद होत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

राहिला नोकरीचा मुद्दा. रिचर्ड स्मॉली यांनी 1965 मध्ये पदवी घेतल्यावर शेल कंपनीच्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या कारखान्यात चार वर्षे रसायनतज्ज्ञ म्हणून काम केले, त्यानंतर ते प्रिन्स्टनला पीएचडीसाठी गेले, आणि पुढे राइस विद्यापीठात 1985 साली झालेल्या साठ कार्बन अणूंच्या रेणूच्या शोधासाठी त्यांना 1996चे नोबेल दोघा सहकाऱ्यांसह मिळाले. बावेंडी यांच्यासह सन्मानित झालेल्या लुई ब्रस यांनी तर आपले मूळ काम बेल लॅब्ज या कंपनीच्या प्रयोगशाळेत केले आणि विद्यापीठात ते नंतर आले. आपल्याकडे ज्युनिअर रिसर्च फेलोशिपला, म्हणजे पीएचडीसाठी मिळणाऱ्या संशोधनवृत्तीला, वयोमर्यादा आहे, त्यामुळे नोकरीतून परतू पाहणाऱ्याने राजीनामा देण्यापूर्वी त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी. एवढी एक ओळ जरी त्या संदेशात असती, तरी कोणाच्या तरी उपयोगी पडली असती.