हे ज्ञान फक्त वैदूंजवळ नाही

आदिवासींच्या वनस्पतीज्ञानावरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की भीमाशंकर परिसरातल्या महादेव कोळी समाजाचं वनस्पतीज्ञान ‘गावातल्या मोजक्या वैदूंजवळ उरलं आहे’. हे मला अजिबात पटलं नाही. औषधापुरतं पाहिलं की वैदू दिसतो आणि स्वयंपाकघरातली बाई दिसतच नाही. माझं आजोळ आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात. तिथे कडूकंद कसा खायचा हे मामीला विचारा. चकत्या करून राख घालून उकळायच्या, पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं, कडवटपणा गेला की मगच ताटात. यात चूक झाली तर कंद बाधतो. पहिल्या पावसानंतर कोळू या रानभाजीची पानं खुडतानाही गड्डा जमिनीत राहिलाच पाहिजे, हे आमच्या मुलींना कोणी वेगळं शिकवत नाही. आईच्या मागे फिरून येतं ते. कारवीच्या झुडपाच्या काठ्यांचा कुड, म्हणजे घराची भिंत, आणि त्यावर शेणमातीचा गिलावा, हेही याच ज्ञानातलं.

आणि हिरडा! लेखात तो त्रिफळ्याच्या एका ओळीत संपला. आंबेगाव-जुन्नरच्या कित्येक घरांचं वर्षाचं मीठमिरची बाळहिरड्यावर, म्हणजे हिरड्याच्या कोवळ्या फळावर, चालतं. आतली बी कठीण होण्याआधी कोवळं फळ उतरवून वाळवावं लागतं, आणि उंच झाडावर चढून ते काढणं जोखमीचं काम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्यांना गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या हिरड्यासारख्या वस्तू, गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे, त्याबद्दल एक शब्द नाही. पुण्यात राहून लिहिणाऱ्यांनी पुढच्या लेखासाठी या बायकांशी जरूर बोलावं.