जेराशमधला गाझा

गाझाचा विषय निघाला की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो. टीव्हीवरच्या वादात येतो, शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो, सुट्टीत घरी गेले की जेवतानाही येतो: एवढे अरब देश आहेत, मग या लोकांना कुणी सामावून का घेत नाही? २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी गाझातल्या लोकांना जॉर्डन आणि इजिप्तमध्ये हलवायची कल्पना मांडली, तेव्हा माझ्या ओळखीच्या शहाण्यासुरत्या माणसांनाही ती पटली होती. मी जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानला राहते, सहाबच्या एका कपड्यांच्या कारखान्यात काम करते. हा प्रश्न इथल्या कुणाच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

कारण जॉर्डनने घेतलेच आहे. १९४८च्या अरब-इस्रायल युद्धात सात लाखांवर पॅलेस्टिनी लोक घरादाराला मुकले. १९६७मध्ये आणखी सुमारे तीन लाख, आणि त्यांतले कितीतरी दुसऱ्यांदा. आज या देशात ‘उन्र्वा’ या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडे नोंद असलेले पॅलेस्टिनी निर्वासित वीस लाखांहून जास्त आहेत. बहुतेकांना जॉर्डनचे नागरिकत्व आहे. ते डॉक्टर आहेत, दुकानदार आहेत, आमच्या कारखान्याच्या हिशेबखात्यात आहेत.

पण बहुतेकांना म्हणजे सगळ्यांना नव्हे. रोमन अवशेषांसाठी प्रसिद्ध असलेल्या जेराशपासून पाचेक किलोमीटरवर एक कॅम्प आहे. लोक त्याला ‘गाझा कॅम्प’च म्हणतात. १९६७च्या युद्धात गाझातून निघालेल्या साडेअकरा हजार लोकांसाठी १९६८मध्ये तो उभा राहिला. त्यांतले अनेक मुळात आज इस्रायलमध्ये असलेल्या बिर-अल-सबा भागातले, म्हणजे १९४८ला तिथून गाझात आणि १९६७ला गाझातून इथे. वेस्ट बँक त्या युद्धापर्यंत जॉर्डनच्या ताब्यात होती, म्हणून तिथून आलेले नागरिक ठरले. गाझा इजिप्तच्या कारभाराखाली होता, म्हणून हे ठरले नाहीत. तंबूंच्या जागी आधी पत्र्याच्या आणि मग सिमेंटच्या खोल्या आल्या, पाऊण चौरस किलोमीटरमध्ये तिसरी-चौथी पिढी वाढली, पण नागरिकांना मिळणारा राष्ट्रीय क्रमांक आला नाही. तात्पुरता पासपोर्ट मिळतो, मत देता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही, वकिलीसारखे व्यवसाय बंद. जॉर्डनमधल्या दहा अधिकृत कॅम्पांत हा सर्वांत गरीब. ‘थोडे दिवस बाहेर जा, मग बघू’ या वाक्याचा अर्थ ज्याला समजून घ्यायचा असेल त्याने जेराशला यावे.

मी मूळची अंबरनाथची, त्यामुळे दुसरा प्रश्नही मला नेहमी ऐकावा लागतो. उल्हासनगरचे सिंधी लष्कराच्या जुन्या बराकीत आले, पापड विकून उभे राहिले, मग हे अजून निर्वासितच कसे? सिंधी कुटुंबांच्या कष्टांबद्दल मला अतोनात आदर आहे. त्यांच्या मुलींसोबत मी शिकले. पण त्यांच्या पाठीशी काय होते तेही सांगितले पाहिजे. त्यांना या देशाचे नागरिकत्व मिळाले. पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत त्यांना मत होते. सिंधमध्ये सुटलेल्या घरादाराचे क्लेम दाखल करता आले, १९५४मध्ये भरपाईचा कायदा झाला. ती भरपाई पुरेशी नव्हती, तरी तुमचे काही गेले आहे हे सरकारने कागदावर मान्य केले होते. पॅलेस्टिनी निर्वासितांना परतीचा किंवा भरपाईचा पर्याय असावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या १९४ क्रमांकाच्या ठरावात डिसेंबर १९४८पासून लिहिलेले आहे, आणि ते तिथेच राहिले आहे.

१९९०मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी मायदेशी आणले, ते याच अम्मानवरून. आपल्याकडे ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि सांगावीच. त्याच महिन्यांत त्याच वाळवंटी रस्त्याने कुवेतमधले पॅलेस्टिनीही येत होते. पॅलेस्टिनी नेते अराफात इराकच्या सद्दामच्या बाजूने उभे राहिले म्हणून युद्धानंतर उरलेल्यांवरही तिथून निघायची पाळी आली. माझ्या एका सहकाऱ्याचा जन्म कुवेतचा. त्याच्या वडिलांनी तिथे अनेक वर्षे नोकरी केली आणि ज्या देशात ते कधीच राहिले नव्हते तिथे ‘परत’ आले. आपल्या माणसांना विमानातून उतरल्यावर रत्नागिरीची किंवा कोल्हापूरची गाडी पकडता आली.

घरच्या चर्चेत माझ्यावर एक आरोप होतो, की तू तिथे राहून एकाच बाजूची झालीस. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासने सुमारे बाराशे माणसे मारली, अडीचशेजणांना ओलीस नेले. ते क्रौर्य होते, त्याला मी दुसरे नाव देणार नाही. आपल्या अलिबाग-पेणकडचे बेने इस्रायली त्या देशात आहेत, मराठी बोलतात, त्यांची काळजी आपल्याला वाटणे साहजिक आहे. पण त्यानंतर गाझात, तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यानुसार, साठ हजारांवर माणसे मारली गेली आणि सुमारे एकोणीस लाख लोकांना घर सोडावे लागले, अनेकांना पुन्हा पुन्हा. दहातले नऊ लोक! हमासचा गुन्हा या नऊजणांच्या नावावर कसा टाकायचा?

आणि त्यांना बाहेर जायचे आहे असे कुणी कशावरून ठरवले? २७ जानेवारी २०२५ला शस्त्रसंधीत रस्ता उघडला, तेव्हा लाखो लोक किनाऱ्यावरच्या अल-रशीद रस्त्याने उत्तरेकडे चालत निघाले. घरे पडली आहेत हे त्यांना ठाऊक होते. दक्षिणेला, इजिप्तच्या सीमेकडे, तोंड करून कुणी निघाले नाही. जॉर्डनचे राजे अब्दुल्ला यांनी पुढच्याच महिन्यात वॉशिंग्टनमध्ये दोन हजार आजारी मुलांवर उपचार करायची तयारी दाखवली आणि विस्थापनाला नकार दिला. त्यात जॉर्डनचा स्वतःचा स्वार्थ आहे, इथल्या लोकसंख्येच्या गणिताची भीती आहे, जॉर्डनचे सैन्य आणि सशस्त्र पॅलेस्टिनी गट यांच्यातल्या १९७०च्या यादवीची आठवण आहे. तरीही तो नकार बरोबर होता.

भारत ‘उन्र्वा’ला वर्षाला पन्नास लाख डॉलर देतो. आपल्याच शाळा पडक्या असताना हे कशाला, असे मला विचारतात. जेराशच्या त्या कॅम्पातल्या मुलांची शाळा आणि दवाखाना हीच संस्था चालवते. अमेरिकेने २०२४मध्ये तिचे पैसे थांबवले, आणि गाझाच्या मुलांनाही उद्या शिकवणार ते याच संस्थेचे शिक्षक. भारताने ही रक्कम वाढवावी, आणि गाझाबाहेर पडलेल्या प्रत्येकाला परत जाता येईल अशी लेखी अट प्रत्येक वाटाघाटीत मागावी. माझ्या खासदारांना मी हेच लिहिले आहे.