आधी गुरं, मग जनुक

माणसाचा आहार आणि स्वभाव जनुकांवर ठरतो, असं सांगणारा एक लेख वाचला. 'आपण काय खायचं ते जनुकं ठरवतात' हे त्यातलं विधान पटलं नाही, कारण लेखकाने दिलेलं दूध पचण्याचं उदाहरणच त्याच्या विरोधात जातं. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर मोठेपणी कमी होणं हा सस्तन प्राण्यांचा नेहमीचा प्रकार. जगातल्या बहुसंख्य प्रौढांचंही तेच होतं. लॅक्टेज मोठेपणीही चालू ठेवणारे जनुकीय बदल पसरले ते माणूस गुरं पाळायला लागल्यावर, आणि युरोपात व पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांत वेगवेगळे. भारतात मुख्यतः युरोपातलाच बदल सापडतो, तोही वायव्येकडे जास्त.

मंगोलियात तर हा बदल फारच थोड्यांत आहे. तरीही घोडीचं आंबवलेलं दूध, दही, वाळवलेलं चीज हा तिथला रोजचा आहार. दूध आंबवताना जिवाणू लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा, बराच भाग आधीच फस्त करतात. पेलाभर दुधाने पोट गुडगुडणारा आपल्याकडचा माणूस ताकभात निवांत जेवतो तो त्यामुळेच!

२०२२ साली 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनानुसार, युरोपात हा बदल सर्रास होण्याच्या हजारो वर्षं आधीपासून लोक दूध वापरत होते. नैसर्गिक निवडीचा, म्हणजे हा बदल असलेलेच जास्त तगण्याचा, जोर बहुधा दुष्काळात आणि रोगराईत वाढला. दूध न पचून होणारे जुलाब म्हणजे धडधाकट माणसाला नुसता वैताग, पण उपाशी माणसाचा त्यात जीवही जाऊ शकतो.

एका विकराची कथा इतकी गुंतागुंतीची असताना त्या लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात 'अमुक समाज जन्मजातच आक्रमक' असं एका ओळीत कसं काय उरकलं?